एसपीटीचा सेट कॅलिब्रेट कधी करायचा आणि साइटवर काय बघायचं

एसपीटी म्हणजे बोअरमध्ये हॅमरचे ठोके मारून नळी ठराविक खोल जायला किती ठोके लागतात ते मोजायची जमिनीची चाचणी. तिच्या सेटचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं म्हणून वर्षातून एकदा हॅमर लॅबला दाखवायचा आणि मोकळं व्हायचं, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. पण झीज काय तारीख बघून होत नाही. सांगलीकडं कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, गाळात महिनाभर बोअर मारले तरी स्प्लिट स्पूनचा (ठोकून आत घालायच्या, दोन फाकी होणाऱ्या नमुन्याच्या नळीचा) शू, म्हणजे टोकाची धारदार कडी, जवळपास तशीच राहते, आणि तोच सेट साताऱ्याकडं नेला, मुरूम संपून कातळ लागला, की एका रिफ्युजलमध्ये (ठोके मारूनही स्पून पुढं जात नाही तेव्हा) शूची धार दुमडून बसते. म्हणून वर्षाचं कॅलिब्रेशन हे कमीत कमी धरा, बाकीचं काम किती झालं आणि कसल्या जमिनीत झालं त्यावर ठरवा.

हॅमरचं वजन ६३.५ किलो पाहिजे. प्रत्येक नवीन साइटला निघायच्या आधी काट्यावर ठेवा, मात्र काटा वैधमापनचा चालू शिक्का असलेला हवा. अर्धा-एक किलोच्या वर फरक दिसला तर तो हॅमर बाजूला. वेल्डिंग केलं, अॅनव्हिल (हॅमर ज्यावर आदळतो तो भाग) बदलली, तर लगेच परत वजन, वर्ष व्हायची वाट बघायची नाही.

खरी गोची वजनात नसते, उंचीत असते. आयएस २१३१ (एसपीटीचं भारतीय मानक) प्रमाणं हॅमर ७५ सेंमीवरून पडायला पाहिजे. गाइड रॉडवर पेंटनं खूण करा, खडूची खूण दोन बोअरमध्ये पुसली जाते. दोर-कॅटहेडवर (दोर गुंडाळून हॅमर वर खेचायच्या फिरत्या ड्रमवर) काम असेल तर सकाळी पोरं बरोबर खेचतात, जेवणानंतर हात जड झाले की हॅमर ६५ वरनंच सोडला जातो आणि कुणाच्या लक्षातपण येत नाही. ६५ म्हणजे ठोक्यातली ताकद तेरा टक्के कमी, म्हणजे जिथं १३ ठोके लागले असते तिथं १५ लागणार, आणि रिपोर्टमध्ये जमीन आहे त्यापेक्षा कडक दिसणार. फाउंडेशनच्या हिशोबानं ही चूक उलट्या बाजूची, धोक्याची. शिवाय कॅटहेडवर दोराचे वेढे दोन-सव्वादोनच्या वर नकोत, जुना फुगलेला दोर पण नको.

शू आणि रॉड प्रत्येक बोअरच्या आधी बघायचे, रिफ्युजल आला की लगेच परत. शूच्या धारेवरनं बोट फिरवा, दुमडली असेल, चेपली असेल तर बदला, ग्राइंडरनं घासून चालवायचं नाही कारण माप जातं: स्पून बाहेरून ५०.८ आणि शू आतून ३५ मिमी, व्हर्नियर लावला की कळतं. रॉड सपाट जागेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर थडथड उडतो. कपलिंग ढिली असली तरी ताकद वाया जाते, ठोके वाढतात.

एनर्जी मोजणं वेगळं काम. त्यात सेन्सर लावलेला रॉड वर जोडून हॅमरची किती टक्के ताकद खरंच रॉडमध्ये उतरते ते बघतात. हे वर्षातून एकदा करावं, आणि हॅमर किंवा ट्रिप सिस्टिम (हॅमर आपोआप सोडणारी यंत्रणा) बदलली की पुन्हा. ७५ टक्के आले आणि मोजलेला एन (ठोक्यांचा आकडा) १२ असेल तर एन-साठ, म्हणजे ६० टक्के ताकदीवर आणलेला एन, होतो १५, फक्त ४५ टक्के आले तर तोच ९. नदीकाठच्या वाळूत लिक्विफॅक्शन (भूकंपात ओली वाळू पातळ होणं) तपासायचं असेल तर हा आकडा लागतोच, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप बघितलेल्या भागात हे कुणी फालतू खर्च म्हणू नये.

गावरस्त्याला डीसीपी (हातानं हॅमर टाकून कोन जमिनीत ठोकायची छोटी चाचणी) वापरत असाल तर ८ किलोचा हॅमर, ५७५ मिमी ड्रॉप, ६० अंशाचा २० मिमी कोन. कोनचा व्यास १८ च्या खाली गेला की फेकून द्या. इलेक्ट्रिक सीपीटीला (सेन्सरचा कोन जमिनीत दाबत नेण्याची चाचणी) प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर झिरो रीडिंग घ्या, दोन्हींत फरक पडला तर कोन कॅलिब्रेशनला.

आणि हॅमरवर नंबर पंच करून घ्या. सर्टिफिकेटवर एक नंबर आणि साइटवर दुसराच हॅमर, असं पण चालतं काही ठिकाणी. साइट इंजिनिअर असाल तर पहिल्या बोअरलाच नंबर जुळवा, मग ठोके मोजायला बसा.