दुसरी शाखा तोट्यात का जाते? या चुका टाळा

पहिली शाखा नफ्यात आहे म्हणून दुसरीही चालेल, हा अंदाज बहुतेक वेळा न लिहिलेल्या एका खर्चामुळे चुकतो. दुरुस्ती, साफसफाई किंवा केशकर्तनासारख्या व्यवसायात मालक स्वतः सकाळी कुलूप उघडतो, तक्रारी ऐकतो, अडलेले काम हातावेगळे करतो आणि रात्री गल्ला मोजतो. या श्रमाचा पगार मात्र जमाखर्चात कुठेच दिसत नाही. नव्या शाखेत हीच कामे पगारी व्यवस्थापकाकडे जातात आणि तो खर्च प्रथमच कागदावर येतो. म्हणून विस्तारापूर्वी पहिल्या शाखेच्या खर्चात मालकाचा बाजारभावाने पगार आणि जागा स्वतःची असल्यास तिचे भाडे धरावे, आणि त्यानंतर उरेल त्यालाच नफा म्हणावे. काहीच उरत नसेल, तर दुसऱ्या जागेचा करार करू नये.

घरपोच सेवेत अंतराकडे केलेले दुर्लक्ष माझ्या मते याहून महाग पडते. 8 तासांच्या पाळीत प्रत्येक काम तासाभराचे आणि त्यामागे प्रवास 20 मिनिटांचा असेल, तर कारागीर 6 कामे उरकतो. प्रवास तासाभराचा झाला, की 4 कामांतच दिवस संपतो. पगार तोच राहतो, उत्पन्न मात्र एक तृतीयांशाने घटते. त्यामुळे दूरचा, स्पर्धा नसलेला भाग कितीही खुणावत असला, तरी जिथून आधीच बोलावणी येतात तो लगतचा परिसर बहुधा फायद्याचा ठरतो. शिवाय अडचणीच्या वेळी माणसे आणि अवजारे इकडची तिकडे नेता येतात.

उद्घाटनाची सवलतही मोजूनमापून द्यावी. दराच्या 100 भागांपैकी 60 भाग मजुरी व साहित्यावर जात असतील, तर 10 टक्के सवलतीने हाती उरणारे 40 भाग 30 वर येतात आणि तेवढीच रक्कम मिळवण्यासाठी कामे एक तृतीयांशाने वाढवावी लागतात.

तोटा आधीच सुरू झाला असेल, तर दोन्ही शाखांचे हिशेब प्रथम वेगळे करावेत. कामेच कमी असतील, तर प्रश्न मागणीचा आहे. कामे भरपूर असूनही पैसा उरत नसेल, तर एकाच तक्रारीसाठी किती ठिकाणी पुन्हा जावे लागले, हे महिनाभर वहीत लिहावे. त्या दुसऱ्या फेरीचे बिल होत नाही, मजुरी मात्र पूर्ण लागते. अशा फेऱ्या नव्या शाखेतच जास्त दिसल्या, तर जुन्या शाखेतील सर्वांत जाणत्या कारागिराला काही काळ तिकडे बसवावे आणि त्याची कामाची पद्धत टप्प्याटप्प्याने लिहून घ्यावी.