खाऱ्या पाण्याची टाकी बंद करताना

बडोद्यापासून समुद्र दूर असल्याने घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा परक्या सागरी जातींच्या प्रसाराशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. विश्वामित्रीच्या गोड्या पाण्यात यांतले बहुतेक जीव तगणार नाहीत, हे खरेच. खरा धोका असतो तो द्वारकेच्या किंवा दीवच्या सहलीला ‘समुद्रात सोडू, पुण्य लागेल’ म्हणून सोबत नेलेल्या पिशवीचा. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवले जाणारे शैवाल १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्यालगत जेमतेम एक चौरस मीटर जागेत आढळले आणि पुढे फ्रान्स, इटली, स्पेनपर्यंत पसरले. कॅलिफोर्नियात २००० साली तेच दिसताच त्यावर ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडण्यात आले, तरी ते संपल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले.

म्हणून टाकी मोडताना सर्वाधिक वेळ शैवालाला द्यावा. त्याच्या पिसासारख्या पात्याचा एक सेंटिमीटरचा तुकडाही नव्याने रुजू शकतो, आणि असे तुकडे नेमके फिल्टरच्या स्पंजात, पंपाच्या जाळीत व वाळूत अडकलेले असतात. ते सारे वेचून पिशवीत घट्ट बांधावे, किमान २४ तास फ्रीजरमध्ये ठेवावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. दगडांच्या भोकांत समुद्रफुले व कृमी दडून बसतात. असे दगड, तसेच जाळी आणि नळ्या, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून दिवसभर बुडवावेत, नंतर धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. टाकीतले पाणीही ब्लीच घालून दिवसभर ठेवावे व संडासात ओतावे, पावसाळी कांसेत, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यात, नव्हे.

मासे दुकानदाराने परत घेतले किंवा दुसऱ्या हौशी माणसाने सांभाळले, तर उत्तमच. ते न जमल्यास पशुवैद्याला विचारावे. प्रवाळ किंवा समुद्रघोडा टाकीत असेल, तर मात्र तो कोणाला देऊ नये व विकूही नये. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण असल्यामुळे सरळ वनविभागाशी संपर्क साधावा.