नोव्हेनाचे नऊ दिवस: कृपा आधी, हिशेब नको

जुन्या गोव्यात सेंट झेवियरची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते, फेस्त (सण) 3 डिसेंबरला. या नऊ दिवसांत रोज वीस मिनिटं काढा.

पहिल्या दिवशी बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचनं 8 ते 10 सावकाश तीनदा वाचा. क्रम बघा: कृपा देवाची, ती घेणारा हात म्हणजे विश्वास, सत्कर्मं त्यानंतर. बरेचजण 9व्या वचनाशी थांबतात आणि 'विश्वास आहे ना, मग झालं' म्हणत मोकळे होतात. म्हणून याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जोडीला घ्या; कृतीविना विश्वास मेलेला, असं तो सांगतो.

दुसरी चूक आपल्याकडची नेहमीचीच, नवसाचा व्यवहार. मेणाचा पाय वाहिला, आता गुडघा बरा व्हायलाच हवा! मेण खुशाल वाहा, पण ती पावती नव्हे. मागणं मांडण्याआधी न मागता मिळालेल्या तीन गोष्टी वहीत लिहा. मन कोरडं राहिलं तरी वेळ मोडू नका.

कुमसार, म्हणजे पाद्र्याजवळ पापांची कबुली, मधल्या दिवसांत उरका, शेवटी रांग लांबते. पाप नेमकं सांगा, सबबी नकोत. पाद्री प्रायश्चित्त सांगतो, पण ते पुरं व्हायची वाट न पाहता तिथंच पापक्षमा देतो. क्षमा ही मजुरी नाही, हे इथं डोळ्यांसमोर दिसतं. प्रायश्चित्त मात्र त्याच दिवशी करा, नाहीतर विसरतं.

कोमुन्यांवाच्या (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या) आधी तासभर काही खाऊ नका. पाणी, औषध चालतं.