पावागड-टुवा एका दिवसात? या चुका टाळा

बडोद्याहून पावागड जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणून तयारी कुणी करतच नाही. दांडिया बाजारातून सहाला निघू म्हणणारी मंडळी आठला निघतात, हालोलला फाफड्यासाठी थांबतात आणि ऐन उन्हात चढायला लागतात. एप्रिलमध्ये गडाचा काळा बेसॉल्ट खडक तापला की वरून ऊन, खालून धग. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि गाड्या जिथवर जातात त्या माचीहून सहाला पहिली पायरी चढा.

उडन खटोला, म्हणजे रोपवे, माथ्यावरच्या कालिकामातेच्या देवळाच्या दारात सोडत नाही. पुढेही बऱ्याच पायऱ्या उरतात. जोराचा वारा सुटला की तो बंद ठेवतात. गुडघेदुखीच्या आजींना त्याच्या भरवशावर नेऊ नका.

पावसाळ्यातली लाडकी चूक म्हणजे पायऱ्यांचा फेरा टाळायला घळीतून उतरणं. गड लाव्ह्याच्या थरांचा आहे: खाली बेसॉल्ट, माथ्याकडे फिकट रंगाचा रायोलाइट. बेसॉल्ट झिजून मुरूम होतो आणि टणक खडकावर त्याचे खडे पायाखाली छऱ्यांसारखे फिरतात. त्यावर शेवाळ आलं की महागड्या बुटांचाही उपयोग नाही. घसरणारा माणूस आधी हात टेकतो, म्हणून मोडतं ते मनगट. वाचतात किती, तर दहा मिनिटं! ‘आम्हाला सवय आहे’ म्हणणाऱ्यांचाही पाय तितकाच घसरतो.

आता टुवा. गोध्र्याजवळच्या या गरम पाण्याच्या कुंडांशी पावागडच्या लाव्ह्याचा संबंध जोडू नका. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. पावसाचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून खोल मुरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जातं आणि वर येतं. प्रत्येक कुंड वेगळं: एकात कोमट, शेजारच्यात बोट बुडवत नाही. आणि लोक मात्र एका कुंडावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतात.

सगळ्यात वाईट प्रकार ठरलेला असतो. मधुमेही काका काठावर बसतात आणि पाय सोडतात. पुतण्या विचारतो, “काका, फार गरम नाही ना?” काका म्हणतात, “छे रे, कोमट आहे.” पायाच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे त्यांना खरंच कोमट लागतं. ५० अंशांना कातडी भाजायला काही मिनिटं लागतात, ६० ला पाचेक सेकंद पुरतात. काका गप्पा मारत असतात आणि पाऊल लाल झालेलं शेवटी बाजूच्यालाच दिसतं. पाणी नेहमी दुसऱ्या कुणीतरी मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावं. आम्ही तर बाळाच्या आंघोळीचा थर्मामीटर पिशवीत ठेवतो. ४० च्या वर आकडा गेला की पाय बाहेर.

गड उतरून लगेच कुंडात बसणं हाही उतावळेपणाच. घामाने पाणी आधीच कमी झालेलं असतं, गरम पाण्याने रक्तवाहिन्या फैलावतात, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी अर्धा लिटर पाणी पिऊन तासभर थांबा, मग दहा मिनिटं बसा आणि सावकाश उठा. कुंडाचं पाणी खारट आहे, पिऊ नका.

भाजलंच, तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडणं तर नकोच. आणि काकांना दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.