आरमध्ये मॉडेल निवडताय? आधी ओळी मोजा, या चुका टाळा

संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या संगणकभाषेबरोबर ‘एअरक्वालिटी’ नावाचा डेटा आयताच मिळतो. १९७३ च्या मे ते सप्टेंबर या काळातले न्यूयॉर्कचे १५३ दिवस त्यात आहेत. तापमान आणि वारा लाग्वार्डिया विमानतळावरचे, सौर प्रारण सेंट्रल पार्कमधलं आणि ओझोन रूझवेल्ट बेटावरचा, दुपारी एक ते तीनमधली सरासरी. मॉडेल निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका छोट्या तक्त्यावर दाखवता येतात, म्हणून तोच घेऊ.

दोन मॉडेल्स बसवा. पहिल्यात ओझोन फक्त तापमानावर, दुसऱ्यात तापमान आणि सौर प्रारण या दोन्हींवर. एआयसी काढा, म्हणजे मॉडेल डेटाशी किती जुळतं आणि किती गुंतागुंतीचं आहे हे एकत्र तोलणारा आकडा. पहिल्याचा सुमारे १०६८ येतो, दुसऱ्याचा सुमारे १०२१. एआयसी कमी ते मॉडेल चांगलं हे पाठ असतंच. फरक तब्बल ४७ चा, तेव्हा प्रारणाशिवाय मॉडेल अपुरं आहे असा निष्कर्ष काढून माणूस पुढे जातो.

हा ४७ चा फरक खरा नाही.

ओझोनच्या कॉलममध्ये ३७ दिवसांचे आकडे नाहीत, प्रारणाच्या कॉलममध्ये ७ दिवसांचे. दोन्ही नाहीत असे दिवस २. मॉडेल बसवणारं ‘एलएम’ फंक्शन एनए, म्हणजे गहाळ नोंद, असलेली ओळ निमूटपणे गाळतं आणि उरलेल्या ओळींवर मॉडेल बसवतं. त्यामुळे पहिलं मॉडेल ११६ दिवसांवर बसलं, दुसरं १११ दिवसांवर. ६ मे, ११ मे आणि ४, ५, ६ ऑगस्ट हे पाच दिवस पहिल्या मॉडेलने पाहिले, दुसऱ्याने पाहिलेच नाहीत. एआयसी ज्या लॉग-लाइकलीहूडवरून (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याच्या मापावरून) काढतात ती ओळीओळीची बेरीज असते. पाच ओळी कमी झाल्या की इथे एआयसी आपोआप चाळीस-पंचेचाळीसने उतरतो, मॉडेल चांगलं असो की नसो. एकाने शंभर गुणांचा पेपर दिला, दुसऱ्याने पंचाण्णव गुणांचा, आणि आपण नुसते चुकलेले गुण मोजून हुशार कोण ते ठरवतोय, असा हा प्रकार.

आता दोन्ही मॉडेल्स त्याच १११ ओळींवर बसवा. तापमानाच्या मॉडेलचा एआयसी सुमारे १०२४ येतो, दुसऱ्याचा तोच १०२१. फरक उरला ३ चा. बीआयसी (जादा कॉलमला आणखी कडक दंड लावणारं तसलंच माप) काढलात तर फरक जेमतेम पाव एककाचा. म्हणजे प्रारणाने थोडी मदत होते, पण ‘त्याच्याशिवाय चालणारच नाही’ असं म्हणायला या डेटात आधार नाही. त्याच दोन मॉडेल्सबद्दल एकदम वेगळा निष्कर्ष निघाला, आणि बदलल्या फक्त पाच ओळी.

आर याबद्दल सावध करतं, पण नेहमी नाही. दोन्ही मॉडेल्स एकाच वेळी ‘एआयसी’ फंक्शनला दिलीत तर ओळींची संख्या सारखी नाही असा इशारा येतो. दोघांचे एआयसी वेगवेगळे काढून वहीत लिहिलेत तर चकार शब्द निघत नाही. दोन मॉडेल्सची चाचणी घेणारं ‘अनोव्हा’ तर तुलना करायलाच नकार देतं. कॉलम एकेक करून घालत-काढत मॉडेल निवडणारं ‘स्टेप’ मधेच थांबतं आणि वापरातल्या ओळींची संख्या बदलली आहे, एनए काढायचे का, असं विचारतं. हा एरर आला की तो कसा घालवायचा याचीच शोधाशोध सुरू होते. खरं तर यापेक्षा उपयोगी एरर आरमध्ये थोडेच असतील. तो वाचा, पाणी कुठे मुरतंय ते तिथेच लिहिलेलं आहे.

उपाय सोपा आहे. स्पर्धेत जेवढी मॉडेल्स आहेत त्या सगळ्यांत येणारे कॉलम आधी एकत्र करा, तेवढ्याच कॉलमवर ‘एनए.ओमिट’ चालवा आणि त्या एकाच तक्त्यावर सगळी मॉडेल्स बसवा. ‘तेवढ्याच कॉलमवर’ हे महत्त्वाचं. ओझोन, तापमान आणि वारा एवढंच हवं असताना अख्ख्या तक्त्यावर ‘एनए.ओमिट’ चालवलंत, तर ज्या प्रारणाशी तुमचा संबंधच नाही त्याच्यापायी पाच दिवस हकनाक जातात. प्रत्येक मॉडेलनंतर ‘एनऑब्ज’ फंक्शनने ओळी मोजायची सवय लावून घ्या. त्याहून पक्का बंदोबस्त हवा असेल तर ऑप्शन्समध्ये एनए-ॲक्शन ‘एनए.फेल’ करून ठेवा. मग एकही एनए असला तर मॉडेल बसणारच नाही आणि निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल. ‘एमयूएमइन’ पॅकेजमधलं, सगळी शक्य मॉडेल्स ताडून पाहणारं ‘ड्रेज’ फंक्शन ही अट सक्तीनेच घालतं, आणि बरोबर करतं.

गाळलेल्या ओळी कोणत्या, हे कुणी बघायचं?

ओळी सारख्या केल्या म्हणजे काम झालं असं नाही. ओझोनच्या ३७ गहाळ दिवसांपैकी २१ एकट्या जूनमध्ये आहेत. जूनच्या ३० दिवसांपैकी ओझोनचे आकडे फक्त ९ दिवसांचे. बाकीच्या चार महिन्यांत प्रत्येकी २६ ते २९. म्हणजे ‘एनए.ओमिट’ केल्यावर हातात राहतं ते जून जवळपास वगळलेलं वर्ष, आणि आपण मात्र ‘मे ते सप्टेंबर’ असंच लिहीत राहतो. महिना हा घटक मॉडेलमध्ये घेतलात तर जूनचा अंदाज नऊ दिवसांच्या जिवावर उभा असतो.

त्यामुळे ओळी गाळण्यापूर्वी एनए कशाबरोबर येतात ते पाहाच. महिन्यानुसार, गावानुसार, वर्गानुसार, ज्याने नोंद केली त्याच्यानुसार. ‘टेबल’ आणि ‘इज.एनए’ एवढ्यावर हे काम होतं, दोन मिनिटं लागतात. रिकाम्या जागी कॉलमची सरासरी भरून मोकळं होणं हा यावरचा उपाय नाही. त्याने विचरण खोटं आकसतं, सहसंबंध बिघडतात आणि नसलेल्या माहितीवर पी-व्हॅल्यू (संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) सुधारते. भरायचंच असेल तर ‘माइस’सारखं पॅकेज वापरा. त्यात अनेक तक्ते भरले जातात आणि अनिश्चितता पुढे धरली जाते.

लॉग घेतला आणि एआयसी कोसळला

ओझोनचे आकडे उजवीकडे लांब शेपूट असलेले आहेत, म्हणून त्यांचा लॉग घेणं योग्यच. पण साध्या ओझोनच्या मॉडेलचा एआयसी १०६८ आणि लॉग-ओझोनच्या मॉडेलचा दोनशेच्या थोडा वर, हे पाहून ‘लॉगने कमाल केली’ म्हणू नका. मोजपट्टीच बदलली आहे. रिस्पॉन्स (ज्याचा अंदाज करायचा तो कॉलम, इथे ओझोन) वेगळ्या एककात गेला की दोन एआयसी शेजारी ठेवता येत नाहीत, आणि इथे ओळी सारख्याच असल्यामुळे आरही काही बोलत नाही.

तुलना हवीच असेल तर लॉग-मॉडेलच्या एआयसीमध्ये सगळ्या ओझोन-आकड्यांच्या लॉगच्या बेरजेची दुप्पट मिळवा. तसं केल्यावर तो साधारण एक हजाराच्या आसपास येतो. १०६८ शी ताडला तर लॉगचं मॉडेल खरोखरच सरस ठरतं. निष्कर्ष तोच राहिला हे खरं, पण तो आता दाखवता येतो. दुसऱ्या डेटात ही बेरीज मिळवल्यावर पारडं उलटही फिरू शकतं.

‘स्टेप’वर सगळं सोपवू नका

आधी एक बारकावा. १११ ओळींवरच्या तापमानाच्या मॉडेलचा एआयसी ‘एआयसी’ फंक्शन १०२४ सांगतं, तर ‘स्टेप’च्या छापील निकालात तोच सुमारे ७०७ दिसतो. ‘स्टेप’ आतून ‘एक्स्ट्रॅक्टएआयसी’ वापरतं आणि ते एक ठरावीक रक्कम सोडून देतं. एकाच पद्धतीने काढलेल्या दोन आकड्यांमधला फरक बरोबरच येतो, पण एक आकडा इकडचा आणि एक तिकडचा घेतलात की सगळं मुसळ केरात. तसंच बीआयसीने निवड करायची म्हणून ‘के’ची, म्हणजे जादा कॉलममागच्या दंडाची, किंमत लॉग-एन (एन म्हणजे ओळींची संख्या) दिलीत तरी निकालावर नाव एआयसीच छापलं जातं. अहवालात ते जसंच्या तसं उतरवू नका.

आता मुख्य मुद्दा. ‘स्टेप’ने निवडलेल्या मॉडेलची समरी काढून त्यातल्या पी-व्हॅल्यू अहवालात लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ज्या डेटाने कॉलम निवडले त्यालाच ‘निवड बरोबर आहे का’ असं विचारलं तर तो हो म्हणणारच. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन यांनी १९८३ मध्ये हे दाखवून दिलं. १०० ओळी, ५० कॉलम, सगळे निव्वळ यादृच्छिक आकडे, कशाचा कशाशी संबंध नाही. पहिल्या फेरीत २५ टक्के पातळीवर तगलेले १५ कॉलम घेऊन त्यांनी मॉडेल पुन्हा बसवलं. त्यातले ६ चक्क ५ टक्के पातळीवर ‘सिग्निफिकंट’ निघाले.

विषयाचं ज्ञान वापरून चार-पाच मॉडेल्स आधी कागदावर लिहा आणि त्यांचीच तुलना करा. उद्देश भाकिताचा असेल तर क्रॉस-व्हॅलिडेशन करा, म्हणजे डेटाचा एकेक भाग आळीपाळीने चाचणीसाठी राखा, पण कॉलम-निवड त्याच्या प्रत्येक फेरीच्या आत झाली पाहिजे. आधी पूर्ण डेटावर कॉलम निवडायचे, प्रमाणीकरण करायचं आणि मग डेटा फोडायचा, हा उलटा क्रम आहे. चाचणीसाठी राखलेल्या ओळींची माहिती तेव्हाच आत शिरलेली असते. डेटाची फोड पुन्हा तशीच करता यावी म्हणून ‘सेट.सीड’ (यादृच्छिक निवडीचा ठरावीक आरंभ) द्या आणि आरची आवृत्तीही लिहून ठेवा. २०१९ मधल्या ३.६.० आवृत्तीत ‘सँपल’ फंक्शनची पद्धत बदलली, त्यामुळे त्याआधीचं सीड आज वेगळ्या ओळी उचलतं.

मिश्र मॉडेल्स (गटागटांतला यादृच्छिक फरकही धरणारी) वापरणाऱ्यांसाठी एवढंच की त्यांचं ‘एलएमइआर’ फंक्शन मुळात रेमल (मर्यादित कमाल-संभाव्यता) पद्धतीने बसवतं. फिक्स्ड इफेक्ट्स (सगळ्या गटांना सारखेच लागू असलेले घटक) वेगळे असलेली दोन मॉडेल्स रेमलच्या एआयसीवर ताडू नका, दोन्ही एमएलने, म्हणजे साध्या कमाल-संभाव्यतेने, बसवून घ्या.

आकडा दिसतो म्हणून आकडा नसतो

‘एमटीकार्स’ डेटातल्या ३२ गाड्यांमध्ये सिलिंडर ४, ६ किंवा ८ आहेत. कॉलम अंकांचा आहे म्हणून तसाच मॉडेलमध्ये घातला, तर चारवरून सहावर जाताना मायलेज जेवढं घटतं तेवढंच सहावरून आठवर जातानाही घटेल असं तुम्ही गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात सरासरी २६.७, १९.७ आणि १५.१ मैल प्रति गॅलन. पहिली घट ७ च्या आसपास, दुसरी साडेचारच्या. सरळ रेष इथे चालेल का, हा विचार करून घ्यायचा निर्णय आहे. कॉलमच्या प्रकारावर तो सोडू नका. जिल्ह्याचा कोड किंवा वॉर्ड क्रमांक असेल तर विचारही नको, सरळ फॅक्टर (आर ज्याला आकडा न मानता गट मानतं असा कॉलम) करा.

उलट बाजूची चूक म्हणजे फॅक्टरला ‘ॲज.न्यूमेरिक’ लावणं. ४, ६, ८ च्या जागी १, २, ३ मिळतात आणि कुठलाही इशारा येत नाही. आधी ‘ॲज.कॅरेक्टर’, मग ‘ॲज.न्यूमेरिक’. २०२० मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ‘रीड.सीएसव्ही’ अक्षरी कॉलम आपणहून फॅक्टर करत नाही, पण जुन्या स्क्रिप्ट अजून फिरतायत.

पुन्हा ‘एअरक्वालिटी’ घ्या. शंभराच्या वर ओझोन असलेले दिवस चौकटी कंसाने निवडा, ४४ ओळी येतील. खरे दिवस ७ आहेत, बाकीच्या ३७ ओळी अथपासून इतिपर्यंत एनए. ‘सबसेट’ किंवा डीप्लायर पॅकेजचं ‘फिल्टर’ वापरलंत की ७ च मिळतात. ‘मर्ज’ करतानाही आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजा. किल्लीचा कॉलम दोन्हीकडे दुबार असेल तर ओळी गुणाकाराने वाढतात, आणि वाढलेल्या ओळींमुळे स्टँडर्ड एरर फसवे लहान होतात.

मॉडेलच्या सूत्रात डॉलर-चिन्ह लावून कॉलम लिहू नका, ‘डेटा’ वेगळा द्या. नाहीतर ‘प्रेडिक्ट’ला नव्या ५ ओळी दिल्यावर ते जुन्याच १५३ ओळींची भाकितं परत करतं. इशारा येतो, पण लांबलचक आउटपुटमध्ये तो वर निघून जातो.

आपल्याकडच्या फाइली

‘१,२५,०००’ असा स्वल्पविराम असलेला एक जरी आकडा कॉलममध्ये असला तर पूर्ण कॉलम अक्षरी होतो. तो तसाच ‘ॲज.न्यूमेरिक’ केलात की नेमक्या मोठ्या रकमा एनए होतात, आणि पुढे ‘एलएम’ त्या गाळून फक्त लहान रकमांवर मॉडेल बसवतं. आधी ‘जीसब’ने स्वल्पविराम काढा. देवनागरी अंकांत टाइप झालेल्या नोंदी तर सरसकट एनए होतात, त्या ‘चार्टआर’ने दहा अंकांच्या बदल्यात दहा अंक देऊन पालटता येतात. गहाळ नोंदीसाठी कुणी -९९ किंवा ९९९ लिहिलं असेल तर फाइल वाचतानाच ‘एनए.स्ट्रिंग्ज’मध्ये ते सांगा.

तारखांची गोष्ट आणखी वाईट. ०५/०६/२०२३ ही तारीख नुसत्या ‘ॲज.डेट’ला दिलीत तर एररही नाही, एनएही नाही. इसवी सन ५ मधली २० जून मिळते. दिवस-महिना-वर्ष असा फॉरमॅट दरवेळी स्वतः लिहा आणि रूपांतरानंतर ‘रेंज’ काढून पहिली व शेवटची तारीख डोळ्यांनी बघा.