वर्षअखेरीची चित्रपटांची यादी कशी करावी: आधी वर्ष ठरवा, मग चित्रपट

डिसेंबर उजाडला की सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या याद्यांचा पूर येतो आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय पुरस्कारांच्या शर्यतीत कोण पुढे आणि कोण मागे, याची चर्चाही रंगते. स्वतःची यादी करू पाहणाऱ्याला मिळणारा सल्ला मात्र ठरलेला असतो: भरपूर चित्रपट पाहा, मनापासून निवडा, कोणाच्या दबावाखाली येऊ नका. हा सल्ला निरुपयोगी आहे. यादी करायला बसणारा माणूस भरपूर चित्रपट पाहतोच, आणि मनापासून निवडण्याखेरीज त्याचा दुसरा हेतूही नसतो. गेली चौदा वर्षे मी दर डिसेंबरला अशी यादी करतो आहे. माझ्या ज्या ज्या याद्या फसल्या, त्या सगळ्या ‘यंदाचा चित्रपट’ म्हणजे नक्की कोणता हे आधी न ठरवल्यामुळे फसल्या.

नोंद ठेवा

चित्रपट पाहिला त्याच रात्री चार गोष्टी लिहा: पाहिल्याची तारीख, चित्रपटगृहात, महोत्सवात की ओटीटीवर पाहिला ते, जगात पहिल्यांदा कुठे आणि केव्हा दाखवला गेला, आणि सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी केव्हा खुला झाला. पाचवी ओळ मनात राहिलेल्या एका दृश्याची असू द्या. गुण देऊ नका. जानेवारीतले आठ गुण आणि नोव्हेंबरातले आठ गुण सारखे नसतात, पण लिहून ठेवलेले दृश्य अकरा महिन्यांनीही जसेच्या तसे परत मिळते.

वर्ष ठरवा

खरे काम इथे आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक याच ठिकाणी गप्प बसतात.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. सप्टेंबर २०१४मध्ये व्हेनिस महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथल्या ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. मार्च २०१५मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, परंतु ते पुरस्कार २०१४ या वर्षाचे होते, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरली जाते. नेहमीच्या चित्रपटगृहांत तो एप्रिल २०१५मध्ये लागला आणि त्याच वर्षी भारताची प्रवेशिका म्हणून ऑस्करकडे गेला. आता हा चित्रपट २०१४चा की २०१५चा? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि म्हणूनच आपले उत्तर कोणत्या नियमाने आले हे आपल्याला माहीत असायला हवे.

नियम तीनच संभवतात. पहिला, जगातल्या पहिल्या खेळाचे वर्ष धरणे. संदर्भग्रंथांना आणि चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा नियम सोयीचा असतो, पण सामान्य प्रेक्षकाला तो जाचक ठरतो. मे महिन्यात कान महोत्सवात किंवा ऑगस्टअखेर व्हेनिसमध्ये दाखवलेला चित्रपट आपल्यापर्यंत पुढच्या वर्षी पोहोचला, तर त्याच्या वर्षाची यादी तोवर बंद झालेली असते. दुसरा नियम, आपण राहतो त्या देशात चित्रपट सर्वांसाठी खुला झाला ते वर्ष धरणे, मग तो चित्रपटगृहात लागलेला असो की ओटीटीवर आलेला. तिसरा, आपण स्वतः पाहिला ते वर्ष. या तिसऱ्या नियमाने होते ती रोजनिशी. रोजनिशी ठेवायला हरकत नाही, पण तिला वर्षातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी म्हणू नये, कारण तीत पन्नास वर्षांपूर्वीचा चित्रपट आणि गेल्या महिन्यातला चित्रपट एकाच रांगेत उभे राहतात आणि वाचणाऱ्याला त्या वर्षाबद्दल काहीच कळत नाही.

माझे ठाम मत दुसऱ्या नियमाच्या बाजूने आहे. या नियमाने कधी कधी विचित्र वाटणारे निकाल येतात हे मला मान्य आहे. फ्रेंच दिग्दर्शक झाँ-पिएर मेलव्हिल यांचा ‘आर्मी ऑफ शॅडोज’ १९६९चा. अमेरिकेत मात्र तो पहिल्यांदा प्रदर्शित झाला २००६मध्ये, आणि त्या वर्षीच्या अनेक अमेरिकी समीक्षकांच्या याद्यांत तो झळकला. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने तर त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट परदेशी चित्रपट ठरवले. यात मला काहीही चुकीचे दिसत नाही. तिथल्या प्रेक्षकाला तो चित्रपट २००६मध्येच भेटला, आणि त्या वर्षी चित्रपटगृहात जाणाऱ्या माणसाला काय पाहता येत होते याची ती खरी नोंद आहे. मात्र एकदा प्रदर्शित होऊन गेलेला चित्रपट नव्या प्रतीसह पुन्हा लागला, तर तो धरू नये. ही एक रेघ पक्की आखून ठेवा.

आता या नियमातली खाच सांगतो, कारण तिच्यात मी स्वतः अडकलो आहे. एका वर्षी महोत्सवात पाहिलेला एक चित्रपट मी यादीत पहिल्या क्रमांकावर ठेवला होता. नंतर, ‘हा अजून प्रदर्शित व्हायचा आहे, पुढच्या वर्षी धरू,’ असे म्हणून ३० डिसेंबरच्या रात्री मी तो काढून टाकला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तो कोणताही गाजावाजा न होता एका ओटीटीवर आला आणि माझ्या ते लक्षातही आले नाही. डिसेंबरात वही उघडली तेव्हा तो मला गेल्या वर्षीचा वाटला, आणि गेल्या वर्षीच्या यादीत तर तो नव्हताच. त्या दोन वर्षांत ज्या चित्रपटाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले, तो माझ्या एकाही यादीत नाही. वहीत त्याची पाचवी ओळ अजून आहे: ‘म्हातारी दार लावून घेते, कडी पडल्याचा आवाज येतो, आणि पडदा काळा झाल्यावरही तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहतो.’ ती ओळ वाचली की आजही मला त्या रात्रीच्या निर्णयाची चुटपुट लागते.

म्हणून वहीच्या शेवटी एक पान ‘प्रलंबित’ म्हणून राखून ठेवा. महोत्सवात पाहिलेला, पण सर्वांसाठी खुला न झालेला प्रत्येक चित्रपट त्या पानावर गेला पाहिजे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पान उघडून त्यातल्या प्रत्येक नावाचा शोध घेतला पाहिजे. चित्रपट प्रदर्शित झाला की त्याचे नाव त्या वर्षाच्या नोंदीत हलवा. पाहिल्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंतही तो आला नाही, तर आणखी वाट पाहू नका; त्या दुसऱ्या वर्षाच्या यादीत तो धरा आणि नावापुढे ‘केवळ महोत्सवात’ असे लिहा. याहून अधिक थांबलात तर तो चित्रपट तुमच्या हातून निसटेल.

शेवटचा इशारा. नियम एकदा ठरला की आवडत्या चित्रपटासाठी तो वाकवू नका. ‘याचे प्रदर्शन २ जानेवारीचे आहे, दोन दिवसांनी काय बिघडते,’ असे म्हणून मीही एकदा सवलत दिली होती. मग त्याच न्यायाने आणखी दोन चित्रपट आत आले, आणि पुढच्या वर्षीची यादी सुरू होण्याआधीच रिकामी झाली.

इतरांच्या याद्या वाचा

समीक्षकांच्या याद्या फक्त राहून गेलेल्या चित्रपटांची नावे मिळवण्यासाठी वाचाव्यात. वाचण्याआधी ती यादी कोणत्या देशाच्या प्रदर्शनावर बेतलेली आहे ते पाहा. नाही तर तुमच्याकडे अजून न पोहोचलेल्या चित्रपटांपायी आपण मागे पडलो असे उगाचच वाटत राहील. तीनचार वेगवेगळ्या देशांतल्या याद्यांत जो चित्रपट पुन्हा पुन्हा दिसतो, तो आधी मिळवा.

क्रम लावा

वहीतल्या पाचव्या ओळी वाचा, ज्या ओळीने काहीच आठवत नाही तो चित्रपट बाजूला काढा, आणि उरलेल्यांची दोन दोन करून तुलना करा. वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांतले चित्रपट मात्र आवर्जून पुन्हा पाहा. पुरस्कारांच्या आशेने निर्माते आपले चित्रपट वर्षाच्या शेवटी आणतात आणि आपली स्मृतीही त्यांच्याच बाजूने झुकते. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ मार्च २०२२मध्ये प्रदर्शित झाला होता आणि वर्षभराने झालेल्या सोहळ्यात त्याने सात ऑस्कर मिळवले. इतकी दीर्घ स्मृती मतदार दाखवू शकतात, तर आपणही दाखवायला हवी.

पुरस्कारांच्या दावेदारांसाठी वेगळे पान घ्या

आपल्याला आवडलेले चित्रपट आणि पुरस्कार मिळवू शकणारे चित्रपट एकाच पानावर लिहू नका. पहिल्या पानावर तुमचा नियम चालतो, दुसऱ्यावर प्रत्येक पुरस्काराचा स्वतःचा, आणि हे नियम तुमच्या नियमाहून फार वेगळे असतात. ऑस्करच्या सर्वसाधारण विभागांसाठी चित्रपट त्या कॅलेंडर वर्षात लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो अशा ठरावीक सहा अमेरिकी महानगरांपैकी एका ठिकाणी किमान सलग सात दिवस चित्रपटगृहात चाललेला असावा लागतो. पूर्वी ही अट एकट्या लॉस एंजेलिसपुरती होती, आणि तिचे परिणाम इतिहासात जागोजागी दिसतात. ‘कॅसाब्लांका’ न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर १९४२मध्ये दाखवला गेला, पण लॉस एंजेलिसमध्ये तो जानेवारी १९४३मध्ये लागला, त्यामुळे तो १९४३च्या चित्रपटांत मोजला गेला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर जिंकला. चार्ली चॅप्लिन यांचा ‘लाइमलाइट’ १९५२चा. लॉस एंजेलिसमध्ये तो १९७२मध्ये लागला आणि त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले १९७३च्या सोहळ्यात. अलीकडचे उदाहरण महामारीच्या काळातले: २०२०च्या चित्रपटांसाठीची मुदत २८ फेब्रुवारी २०२१पर्यंत वाढवली गेली, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या वाट्याला दहाच महिने आले. त्या काळातल्या नामांकनांची यादी प्रदर्शनाच्या तारखांशी जुळवू पाहणाऱ्याचा म्हणूनच गोंधळ उडतो.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा विभाग याहून निराळा आहे. २०१९पर्यंत ‘परभाषिक चित्रपट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विभागात चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित होण्याची गरज नसते. तो अमेरिकेबाहेर चित्रपटगृहात किमान सलग सात दिवस चाललेला असावा लागतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावे लागतात. २०२६च्या सोहळ्यासाठी ही मुदत १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ अशी होती, तर त्याच्या आदल्या वर्षी ती १ नोव्हेंबरपासून सुरू झाली होती. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा गृहीत धरू नका, दर वर्षी नियम नव्याने वाचा. मागे ‘अमारकोर्द’ला १९७५च्या सोहळ्यात परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच चित्रपटासाठी फेडेरिको फेलिनी यांना दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले ते १९७६च्या सोहळ्यात, कारण दोन विभागांची वर्षे वेगवेगळी पडली.

२०२६च्या सोहळ्याच्या नियमांनुसार या विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येत होता, ही गोष्ट दावेदारांचे भाकीत करणारे सर्वाधिक विसरतात. कानमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला म्हणजे हा विभाग खिशात, असे समजू नका. ‘ॲनाटमी ऑफ अ फॉल’ने २०२३मध्ये पाम द’ऑर मिळवला, पण फ्रान्सने त्या वर्षी दुसराच चित्रपट पाठवला, तरीही ‘ॲनाटमी’ने सर्वसाधारण विभागांत पाच नामांकने आणि पटकथेचे ऑस्कर मिळवले. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४मध्ये कानचा ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला, तो चित्रपट अनेक देशांतल्या समीक्षकांच्या याद्यांत वरच्या जागी होता, आणि भारताने मात्र ‘लापता लेडीज’ पाठवला, जो पंधरा चित्रपटांच्या पहिल्या निवड-यादीतही आला नाही. हे मला त्या वेळी मनाला लागले होते आणि अजूनही लागते. पण दावेदारांच्या पानावर मनाला लागण्याला जागा नसते. तिथे तीनच प्रश्न विचारावेत: चित्रपट कोणत्या देशाने पाठवला, त्याचे प्रदर्शन मुदतीत बसते का, आणि तो अमेरिकेतही प्रदर्शित होऊन सर्वसाधारण विभागांत उतरला आहे का.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मतमोजणीबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. २००९च्या चित्रपटांपासून तिथे मतदार सगळ्या नामांकित चित्रपटांना पसंतीक्रम देतात; सर्वांत कमी प्रथम पसंती मिळालेला चित्रपट बाद होतो, त्याची मते पुढच्या पसंतीच्या चित्रपटाकडे जातात, आणि एखाद्याला निम्म्याहून अधिक मते मिळेपर्यंत हे चालू राहते. त्यामुळे थोड्यांना अतिशय आवडलेल्या चित्रपटापेक्षा पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असलेला चित्रपट पुढे जाऊ शकतो. तुमच्या यादीतला पहिला चित्रपट तिथे हरला, तर तुमची यादी चुकली असे ठरत नाही.

यादीखाली नियम लिहा

सोहळ्याचे वर्ष आणि चित्रपटांचे वर्ष वेगळे लिहा. ‘पॅरासाइट’ हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला पहिला चित्रपट फेब्रुवारी २०२०मध्ये गौरवला गेला, पण तो २०१९चा. नुसते ‘२०२०चा ऑस्कर’ असे लिहिले की पाच वर्षांनी तुम्हालाच उलगडा होत नाही.

यादीच्या तळाशी तिची तारीख आणि वर्ष ठरवण्याचा नियम एका वाक्यात लिहा. ३१ डिसेंबरनंतर पाहिलेला त्या वर्षाचा चित्रपट कितीही आवडला तरी जुन्या क्रमात घुसवू नका. यादीखाली ‘उशिरा पाहिलेले’ असा मथळा घालून, पाहिल्याच्या तारखेसह तो तिथे नोंदवा.