इंग्लंडमधील ‘कॅथलिक कटां’चे कागद कसे वाचावेत

सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंडचे राजकारण अभ्यासताना ‘पोपच्या हस्तकांनी रचलेला कट’ हा आरोप पानोपानी भेटतो. असा आरोप समोर आला की तो खरा की खोटा एवढा निवाडा करून पुढे जाऊ नये. त्यात घडलेले किती, रचलेले किती आणि लोकांनी ते का मानले, हे वेगवेगळे करून पाहावे.

आधी हे मान्य करावे की प्रॉटेस्टंट इंग्लंडची ही भीती निराधार नव्हती. १५७० मध्ये पोप पाचवा पायस याने राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत ठरवून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मोकळे केले. १५८६ च्या बॅबिंग्टन कटात राणीच्या हत्येचा बेत खरोखरच होता. आणि १६०५ च्या नोव्हेंबरात संसदेच्या सभागृहाखाली कॅथलिक कटवाल्यांनी ठेवलेली दारूगोळ्याची ३६ पिंपे सापडली. मात्र खऱ्या कटातही सरकारचा हात कुठवर पोहोचला होता ते तपासावे लागते. बॅबिंग्टन कटाच्या वेळी, इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या कॅथलिक राणी मेरीची गुप्त पत्रे बिअरच्या पिंपातून ये-जा करीत, आणि ती वाट एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्या हेरांच्या पूर्ण नजरेखाली होती. तिच्या एका पत्राला तर त्यांनी मारेकऱ्यांची नावे विचारणारा बनावट ताजा कलम जोडला.

वाचनाबरोबर तारखांचा तक्ता करावा. त्या काळी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी १५८७ मधील मेरीचा शिरच्छेद जुन्या कागदांत १५८६ सालात मोडतो. शिवाय युरोपातील बहुतेक कॅथलिक देशांत १५८२ नंतर नवी दिनदर्शिका आली, म्हणून तिथल्या पत्रांवरील तारीख दहा दिवस पुढची असते.

सरावासाठी १६७८ चे प्रकरण घ्यावे, कारण त्यात खरे आणि खोटे एकमेकांत विलक्षण गुंतलेले आहे. जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा खून करणार आहेत, असे टायटस ओट्स नावाच्या माणसाने प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे सांगितले. राजाने स्वतः त्याची उलटतपासणी केली. स्पेनच्या राजघराण्यातील डॉन जॉनला भेटल्याचे सांगणाऱ्या ओट्सने त्याचे वर्णन उंच आणि सावळा असे केले. चार्ल्सने डॉन जॉनला प्रत्यक्ष पाहिले होते, आणि हे वर्णन साफ चुकीचे आहे हे त्याने ओळखले. तरीही आरोप तगला, आणि तो का तगला हे शोधणे हेच इथले खरे काम आहे. ओट्सने नाव घेतलेल्या एडवर्ड कोलमन या कॅथलिक दरबारी माणसाच्या घरी फ्रेंच राजाच्या धर्मगुरूशी झालेला पत्रव्यवहार सापडला. फ्रेंच पैशाने इंग्लंडचे धोरण कॅथलिकांच्या बाजूने वळवण्याची भाषा त्यात होती, राजाच्या खुनाची नव्हती. पाठोपाठ १७ ऑक्टोबरला, ओट्सची शपथपूर्वक जबानी नोंदवणारे न्यायदंडाधिकारी गॉडफ्री यांचे प्रेत प्रिमरोझ हिलवर मिळाले. तो खून कोणी केला हे कधीच सिद्ध झाले नाही, पण लंडनने उत्तर आधीच ठरवले होते.

मग या भीतीचा लाभ कोणी घेतला ते पाहावे. कॅथलिक झालेल्या राजबंधू जेम्सला वारसाहक्कातून वगळण्यासाठी विरोधी पुढारी शाफ्ट्सबरी याच्या गटाने १६७९ ते १६८१ या काळात हीच हवा वापरली. तथापि प्रत्येक घाबरलेल्या माणसाला धूर्त समजणे अन्यायाचे होईल. १५७२ ची पॅरिसमधील सेंट बार्थोलोम्यू दिनाची प्रॉटेस्टंटांची कत्तल आणि १६४१ चे आयर्लंडमधील कॅथलिकांचे बंड यांच्या कथा ऐकत वाढलेल्या सामान्य माणसाला ती भीती मनापासून वाटत होती.

खटल्यांचे वृत्तांत वाचताना साक्षीदारांची नावे एकाखाली एक मांडावीत. तीच मोजकी माणसे पुन्हा पुन्हा दिसू लागली, की जुलै १६७९ मध्ये राणीचे वैद्य वेकमन निर्दोष का सुटले याचा उलगडा होऊ लागतो. आयर्लंडचे निरपराध कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना मात्र १६८१ मध्ये मृत्युदंड झाला, आणि अशा प्रत्येक नावापाशी वाचकाने थांबलेच पाहिजे.

अखेरीस, आरोप कोसळल्यावर कायद्यात काय उरले ते नोंदवावे. ओट्सला १६८५ मध्ये खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली. परंतु त्याच खळबळीत १६७८ साली संसदेने केलेल्या कायद्यामुळे कॅथलिक उमरावांना बंद झालेली संसदेची दारे १८२९ पर्यंत उघडली नाहीत.